शाळकरी मुलांचें संशोधन

आजच्या भाषणाचा विषय आपणांपैकीं कांहींना चमत्कारिक वाटेल. शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं स्वतः शास्त्रीय संशोधन करावें आणि तें शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत छापून यावें, ही गोष्ट शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास ती इष्ट आहे काय, याचा आज आपण विचार करूं. मी शास्त्रज्ञ नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन मीं जन्मभर मास्तरकी केली. प्रयोगशाळेविषयीं अधिकारानें बोलण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु मुलांच्या तोंडून निघणाऱ्या प्रश्नांचा अनुभव मात्र मला पुष्कळ आहे, आणि त्या प्रश्नांचें आपण वडील माणसें काय करतों, याविषयींच मला मुख्यतः बोलावयाचें आहे.

प्रथम ‘संशोधन’ या शब्दाचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत आपण मातीचा ज्वालामुखी पाहतों. त्यांत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घातलें कीं फेस उसळतो आणि पाहुणे टाळ्या वाजवितात. तें प्रात्यक्षिक मनोरंजक खरें, पण त्याला संशोधन म्हणतां येणार नाहीं. कारण त्याचें उत्तर प्रयोगापूर्वींच पुस्तकांत छापलेलें असतें. ज्या प्रश्नाचें उत्तर विचारणाऱ्याला, त्याच्या गुरुजींना आणि पुस्तकालाही ठाऊक नाहीं, असा प्रश्न घेऊन मोजमाप करणें, आणि जें उत्तर मिळेल तें आपल्याला आवडो वा न आवडो, जसेंच्या तसें लिहून ठेवणें, याला संशोधन म्हणतात. प्रश्न लहान असला तरी चालतो. मात्र तो खरा असावा लागतो.

आतां प्रकाशन म्हणजे काय? संशोधक आपला निबंध नियतकालिकाच्या संपादकाकडे पाठवितो. संपादक तो त्या विषयांतील दोन-तीन जाणत्या माणसांकडे परीक्षणासाठीं देतो. हे परीक्षक कोण, हें लेखकाला बहुधा कळत नाहीं. ते विचारतात, प्रयोग किती वेळां केला? मोजण्याचें साधन बरोबर होतें कशावरून? जें कारण तुम्ही सांगतां त्याखेरीज दुसरें कारण संभवत नाहीं काय? लेखकाला त्यांचीं उत्तरें द्यावीं लागतात, कधीं प्रयोग पुन्हां करावे लागतात, आणि पुष्कळदां निबंध साभार परतही येतो. जो छापला जातो त्यांत प्रयोगाची कृति इतक्या बारकाईनें दिलेली असते कीं, हजार मैलांवरील अनोळखी माणसाला ती पडताळून पाहतां यावी. आपण समजतों कीं लेख छापला म्हणजे नांव झालें. शास्त्रांत छापणें याचा खरा अर्थ, आपलें म्हणणें परक्यांच्या हातीं तपासावयास देणें, असा आहे. हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होईल.

इ. स. १९६३ मधील हकीकत. आफ्रिकेंतील टांगानिका देशांत, म्हणजे आज ज्याला टांझानिया म्हणतात त्याच्या मुख्य भूमीवर, मगाम्बा येथील माध्यमिक शाळेंत एरास्टो म्पेम्बा नांवाचा विद्यार्थी शिकत होता. तेथील मुलें फावल्या वेळीं आईस्क्रीम करीत. दूध उकळावयाचें, त्यांत साखर मिसळावयाची, तें निवूं द्यावयाचें आणि मग फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यांत ठेवावयाचें, अशी रीत होती. कप्प्यांत जागा थोडी, मुलें फार. त्यामुळें रोज घाई. एके दिवशीं दुसऱ्या एका मुलानें जागा जाऊं नये म्हणून दूध न उकळतांच साखर घालून आंत ठेविलें. म्पेम्बाचें दूध तेव्हां नुकतेंच उकळलें होतें. निवण्याची वाट पाहिली तर शेवटची जागाही जाणार, हें पाहून त्यानें तें कढत दूधच आंत सारलें. दीड तासानें पाहतो तों त्याचें दूध गोठलेलें, आणि सोबत्याचें थंड दूध अजून पातळच!

त्यानें पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना कारण विचारलें. शिक्षक म्हणाले, तुझा घोटाळा झाला असेल, असें होणेंच शक्य नाहीं. मुलगा गप्प बसला; पण पुढें टांगा शहरांतील आईस्क्रीम विकणाऱ्या एका मित्राकडून त्याला कळलें कीं, लवकर गोठावें म्हणून ते लोक मिश्रण गरमच ठेवतात. पुढें तो इरिंगा येथील म्क्वावा शाळेंत वरच्या वर्गांत गेला. तेथें उष्णतेचा धडा चालू असतां त्यानें पुन्हां तोच प्रश्न केला. शिक्षकांनीं तें उडवून लावलें, आणि हें सर्व जगाचें पदार्थविज्ञान नसून म्पेम्बाचें पदार्थविज्ञान आहे, अशी कोटी केली. वर्ग हंसला. तेव्हांपासून त्याचें गणित चुकलें कीं, हें म्पेम्बाचें गणित, असें सारे म्हणूं लागले.

श्रोतेहो, मी मास्तर असल्यामुळें ही कोटी मला फार ओळखीची वाटते. वर्ग हंसला म्हणजे तास चांगला रंगला, असें आम्हांला वाटत असतें.

मुलगा मात्र खचला नाहीं. एके दिवशीं जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडी पाहून त्यानें दोन लहान चंचुपात्रें घेतलीं, एकांत नळाचें आणि दुसऱ्यांत गरम पाणी भरलें, आणि दोन्हीं पात्रें बर्फाच्या कप्प्यांत ठेवलीं. तासाभरानें पाहिलें तर गरम पाण्याच्या पात्रांत बर्फ अधिक धरलें होतें. त्यानंतर दार-एस-सलाम येथील युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राध्यापक डॉ. डेनिस ऑस्बोर्न त्या शाळेंत व्याख्यानास आले. म्पेम्बानें उभें राहून त्यांनाही तोच प्रश्न विचारला. मुलें हंसलीं, आमच्या शाळेची अब्रू घालविलीस, असें मागाहून म्हणालीं. ऑस्बोर्न यांनीं विचारलें, तूं हें स्वतः करून पाहिलें आहेस काय? मुलगा हो म्हणाला. तेव्हां प्राध्यापक म्हणाले, मला कारण ठाऊक नाहीं. परंतु परत गेल्यावर मी प्रयोग करून पाहीन.

त्यांनीं आपला शब्द पाळला. कॉलेजांतील एका मदतनिसाला त्यांनीं प्रयोग करावयास सांगितलें. त्यानें येऊन सांगितलें कीं, गरम पाणी आधीं गोठलें खरें. पण काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करीत राहूं! या उत्तराला आपण हंसतों, परंतु शाळाशाळांतून प्रयोगवह्या याच न्यायानें भरल्या जातात. उत्तर आधीं, आंकडे मागाहून. ऑस्बोर्न यांनीं हा मार्ग सोडून निरनिराळ्या उष्णतामानाच्या पाण्यावर व्यवस्थित प्रयोग केले. इ. स. १९६९ मध्यें ‘फिजिक्स एज्युकेशन’ या ब्रिटिश नियतकालिकांत म्पेम्बा व ऑस्बोर्न या दोघांच्या नांवानें निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत विद्यार्थ्यानें आपली हकीकत आपल्या शब्दांत लिहिली आहे, आणि प्राध्यापकांनीं आपले प्रयोग वेगळे दिले आहेत; कोणाचें काम कोणतें हें वाचणाराला स्पष्ट दिसतें. गरम पाणी लवकर गोठण्याचा उल्लेख अॅरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं करून ठेविला होता. पाठ्यपुस्तकें तो विसरलीं होतीं. आज जग त्याला ‘म्पेम्बा परिणाम’ म्हणतें. ज्या नांवानें वर्गांत थट्टा झाली, तेंच नांव शास्त्रानें घेतलें.

ही हकीकत मीं वाचली ती निवृत्त झाल्यावर, आणि ती वाचून मला माझा एक अपराध आठवला. तो सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

एका गांवीं मी सातवीच्या वर्गावर होतों. बाष्पीभवनानें थंडावा येतो हा धडा चालला होता. माठांतील पाणी झिरपतें, त्याची वाफ होते, तिला लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून जाते आणि पाणी गार होतें, असें मीं सांगितलें. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, आमचा जुना माठ नव्या माठाइतकें पाणी गार करीत नाहीं. असें कां?” मीं म्हटलें, “माती तीच, पाणी तेंच. तुझी कांहीं तरी समजूत झाली असेल. बस खालीं.” दुसऱ्या दिवशीं तो शाळेच्या कपाटांतील तापमापक मागावयास आला. घरीं नेऊन आठ दिवस दोन्ही माठांचें पाणी मोजून पाहतों, म्हणाला. मीं म्हणालों, “फुटला तर भरून कोण देणार?” मुलगा निघून गेला. त्यानें तो प्रश्न पुन्हां काढला नाहीं, आणि दुसराही कोणता विचारल्याचें मला स्मरत नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं बाजारांत माठ घेतांना कुंभारीण मला म्हणाली, “गुरुजी, जुना माठ आतां ठेवूं नका, पाण्याच्या खारानें त्याचीं छिद्रें बुजलीं असतील.” पाणी उडून जातें, पण त्यांतील क्षार मातीच्या छिद्रांत राहतात, छिद्रें बुजलीं कीं झिरपणें कमी, बाष्पीभवन कमी आणि गारवाही कमी. मुलाचें निरीक्षण बरोबर होतें, माझें उत्तर चूक होतें. तत्त्व जुनें असेल. परंतु आमच्या गांवच्या पाण्यानें माठ किती महिन्यांत निकामी होतो आणि पाण्यांत किती अंशांचा फरक पडतो, हें तेथें कोणीं मोजल्याचें मला आढळलें नाहीं. तो मुलगा तें मोजणार होता. संशोधन दारीं आलें होतें, आणि मीं त्याला एका तापमापकासाठीं परत पाठविलें.

आतां अशा मुलांकडे वळूं कीं, ज्यांना साधनें आणि साथ मिळाली. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत एमिली रोझा ही चौथीची मुलगी होती. रुग्णाला स्पर्श न करतां त्याच्या अंगावरून हात फिरवून, शरीराभोंवतीं असलेली शक्ति आम्हांला जाणवते, असें सांगणारे उपचारक तेथें पुष्कळ होते. एमिलीनें शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठीं एक साधा प्रयोग योजिला. मध्यें पुठ्ठ्याचा पडदा; त्याला खालीं दोन भोकें; उपचारकानें त्यांतून दोन्ही हात पुढें करावयाचे. पलीकडे एमिली नाणें उडवून ठरवी आणि त्या दोन हातांपैकीं एकावर थोड्या अंतरावर आपला हात धरी. कोणत्या हातापाशीं माझा हात आहे, एवढेंच उपचारकानें सांगावयाचें. नुसत्या अंदाजानेंही निम्मीं उत्तरें बरोबर यावयाचीं. २१ उपचारकांनीं मिळून २८० वेळां उत्तर दिलें. त्यांपैकीं १२३ बरोबर आलीं, म्हणजे शेंकडा ४४. हा निबंध इ. स. १९९८ मध्यें अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत छापला गेला तेव्हां एमिली अकरा वर्षांची होती. निबंधावर तिच्या आईचें व आणखी दोघा प्रौढांचें नांव आहे. आई परिचारिका असून या उपचाराची आधींपासूनच टीकाकार होती. म्हणून विरोधकांनीं आक्षेप घेतले, आणि ते घेण्याचा त्यांना अधिकारही होता. तथापि त्या पुठ्ठ्याची आणि नाण्याची युक्ति इतकी सरळ आहे कीं, ज्याला संशय असेल त्यानें स्वतः करून पाहावें. मुलाच्या संशोधनाचें बळ यंत्रांत नसतें. अशा सरळपणांत असतें.

दुसरें उदाहरण इंग्लंडमधील डेव्हन परगण्यांतील ब्लॅकऑटन या खेड्याचें. तेथील प्राथमिक शाळेंतील आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनीं, बो लोटो या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं, भुंग्यासारख्या केसाळ मधमाशांवर प्रयोग केले. कोणत्या फुलांत साखरेचें पाणी आहे हें ओळखण्यासाठीं माशी केवळ रंग पाहते, कीं रंगांची मांडणीही लक्षांत घेते, असा त्यांचा प्रश्न होता. माशा दोहोंचाही उपयोग करूं शकतात, असें दिसून आलें. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकानें डिसेंबर २०१० मध्यें तो निबंध छापला. भाषा मुलांची, आकृत्या मुलांनीं रंगीत पेन्सिलींनीं काढलेल्या. पूर्वीच्या ग्रंथांचे आधार त्यांत नव्हते, कारण तें वाङ्मय त्या वयाला वाचतां येण्यासारखें नव्हतें. ती उणीव भरून काढण्यासाठीं दोघा तज्ज्ञांनीं सोबत वेगळें टिपण लिहिलें. येथेंही मुलांचें काम आणि मोठ्यांचें काम यांमधील रेघ स्वच्छ राखली गेली.

अर्थात् मोठ्यांच्या नियतकालिकांचें दार प्रत्येक मुलाला उघडत नाहीं, आणि उघडावें अशी अपेक्षाही नको. म्हणून मुलांसाठीं निराळीं नियतकालिकें निघालीं आहेत. इंग्लंडांत कॅन्टरबरी येथील किंग्ज स्कूलमधून इ. स. २००६ मध्यें ‘यंग सायंटिस्ट्स जर्नल’ सुरू झालें. त्याचें संपादन विद्यार्थ्यांनींच करावयाचें अशी योजना होती. इ. स. २०११ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या कांहीं पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीं ‘जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स’ काढलें. त्यांत माध्यमिक शाळेंतील मुलांचे निबंध येतात. शास्त्राचे अभ्यासक ते तपासतात, आणि चुकलें कोठें हें समजावून सांगतात. निबंधामागें एक जबाबदार प्रौढ मार्गदर्शक असावा लागतो. आपल्याकडे इ. स. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा उपक्रम सुरू झाला. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं लहान गट करून आपल्या परिसरांतील एखादा प्रश्न निवडावा, मोजमाप करावें, वृत्तान्त लिहावा आणि परीक्षकांपुढें मांडावा, ही त्यामागील कल्पना. परिसरांतील प्रश्न ही त्यांतील मोलाची अट आहे. कारण आपल्या विहिरीचें पाणी, आपल्या गल्लींतील कचरा, आपल्या गच्चीवरील ऊन यांविषयीं परदेशांतील पंडिताला आपल्याहून अधिक कळण्याचें कारण नाहीं.

येथवर गोड झालें. आतां थोडें कडू. जेथें मान असतो तेथें बाजारही येतो. परदेशांतील नामांकित विद्यालयांत प्रवेश मिळण्यास छापलेला निबंध उपयोगी पडतो, अशी समजूत पसरल्यापासून, पैसे घेऊन शाळकरी मुलांना संशोधक बनवून देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. प्रोपब्लिका या अमेरिकन वृत्तसंस्थेनें इ. स. २०२३ मध्यें या व्यवहाराचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. पालक हजारों डॉलर मोजतात, आणि कांहीं नियतकालिकें जेमतेम तपासणी करून निबंध छापतात. आपण दूरच्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. विज्ञान-प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं वडील कातरी घेऊन बसले आहेत, आई अक्षर काढीत आहे आणि मुलगा झोपला आहे, हें दृश्य आपल्या घरांतही परिचयाचें आहे. ज्याच्या निबंधाला पडताळणी नाहीं, त्याचें छापणें व्यर्थ. आणि ज्याचें काम दुसऱ्यानें केलें, त्याला तर परीक्षकाच्या प्रश्नाचें उत्तरही देतां यावयाचें नाहीं. मीं मुलाला खालीं बसविलें. हे पालक मुलाला उचलून खांद्यावर बसवितात. दोहोंमध्यें मुलाच्या पायांना चालणें घडत नाहीं, एवढें मात्र सारखें.

मग घरांत काय करावें? मुलानें प्रश्न विचारला तर ऑस्बोर्न यांच्याप्रमाणें दोन गोष्टी कराव्या. तूं स्वतः पाहिलेंस काय, असें विचारावें. आणि उत्तर ठाऊक नसल्यास, मला ठाऊक नाहीं, असें म्हणावें. हे तीन शब्द उच्चारतांना बापाचा किंवा मास्तराचा मान जात नाहीं. प्रश्न मोठा असेल तर लहान करावयास शिकवावें. ‘प्रदूषण कसें थांबेल’ हा प्रश्न मोजतां येत नाहीं. ‘आपल्या खिडकींत आठ दिवसांत किती धूळ जमते’ हा येतो. एक वही द्यावी. तींत रोजची तारीख, वेळ आणि आंकडा शाईनें लिहावा. चुकलें तर एक रेघ मारावी, खोडून नाहींसें करूं नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक मोजणी पुनःपुन्हां करावी. अपेक्षेविरुद्ध उत्तर आलें तर तें लपवूं नये. पुष्कळदां तेंच कामाचें असतें. माणसांवर प्रयोग करावयाचा तर त्यांची संमति घ्यावी, मुक्या प्राण्यांना इजा करूं नये, आणि आग, वीज वा औषधी द्रव्यें असतील तेथें जाणत्या माणसानें जवळ उभें राहावें. ज्यानें जेवढी मदत केली तिचा उल्लेख निबंधांत करावा. आणि आठ दिवसांत छापून देतों, पैसे आधीं भरा, असें सांगणाऱ्या नियतकालिकाच्या वाटेला जाऊं नये.

शेवटीं म्पेम्बाच्या प्रश्नाचें पुढें काय झालें, तें सांगतों. तो आजही पुरता मिटलेला नाहीं. इ. स. २०१६ मध्यें हेन्री बरिज व पॉल लिंडन या शास्त्रज्ञांनीं पाणी शून्य अंशापर्यंत निवण्याचा वेळ बारकाईनें मोजला. पूर्वींचे आंकडेही त्यांनीं तपासले. आणि गरम पाणी आधीं निवतें असा भरंवशाचा पुरावा मिळत नाहीं, तापमापकाची जागा किंचित् बदलली तरी तसा भास होऊं शकतो, असा निष्कर्ष काढला. उलट इ. स. २०२० मध्यें कॅनडांतील अविनाश कुमार व जॉन बेखहोफर यांनीं, पाण्यांतील एका सूक्ष्म कणावर प्रयोग करून, तप्त वस्तु कोमट वस्तूच्या आधीं निवूं शकते असें ‘नेचर’ नियतकालिकांत दाखविलें. म्हणजे मुलगा सर्वस्वी बरोबर होता कीं नाहीं, याचा वाद अजून चालू आहे. पण विचार करा, हा वाद चालूं शकला कशामुळें? त्याचें म्हणणें छापलें गेलें म्हणून. वर्गांतील हंशानें जो प्रश्न संपला असता, त्यावर पन्नास वर्षें जगांतील मोठमोठीं माणसें काम करीत आली आहेत. आपला मुलगा बरोबर ठरावा अशी हमी आपणांस देतां येणार नाहीं; त्याचें म्हणणें नीट तपासलें जावें, एवढी सोय मात्र करतां येईल.

मी निवृत्त झालों त्या दिवशीं कपाटांतील सामान मोजून नव्या गुरुजींच्या स्वाधीन केलें. तो तापमापक त्यांत होता. पेटींत कापसावर ठेवलेला, कोरा, एकदांही न फुटलेला. यादींत त्याच्यापुढें ‘सुस्थितींत’ असें मींच लिहिलें, आणि लिहितांना मला लाज वाटली. तुमच्या घरीं किंवा शाळेंत असा एखादा तापमापक असेल, तर तो उद्यां एखाद्या मुलाच्या हातीं द्या. फुटला तर फुटूं द्या.